ग्रंथालय अनुदानाची यादी बँकेला मिळते, वाचकाला का नाही?

महोदय,

गावच्या सार्वजनिक वाचनालयाला सरकारकडून वर्षाला किती पैसे मिळतात, असे तिथल्या पाच सभासदांना विचारले तर पाच उत्तरे मिळतात. कोणी लाखभर सांगतो, कोणी 'कसले पैसे, सगळे वर्गणीवर चालते' म्हणतो. खरा आकडा ग्रंथपालाला आणि जिल्हा ग्रंथालय कार्यालयाला पाठ असतो. त्यात गुप्त असे काही नाही. तरीही सामान्य माणसाने तो शोधायला घेतला की तीन-चार कार्यालयांतले कागद गोळा करावे लागतात आणि ते जमले तरी एकमेकांशी जुळत नाहीत. संस्थांच्या अनुदानात पारदर्शकता हवी, असे सगळेच म्हणतात. अडचण नेमकी कुठे येते, ते या एका योजनेपुरते तपशिलात लिहीत आहोत.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आणि अनुदानाचे नियम १९७० चे. ग्रंथालय चालवते गावातली नोंदणीकृत संस्था. सरकार तिला मान्यता देऊन अ, ब, क, ड यांपैकी वर्ग ठरवते आणि 'परिरक्षण अनुदान', म्हणजे ग्रंथालय चालवण्यासाठीचे अनुदान, देते. बहुतेकांचा गैरसमज असा की वर्गाला ठरलेली रक्कम आपोआप मिळते. तसे नाही. मागील वर्षाच्या अनुज्ञेय (नियमांनी मान्य होणाऱ्या) खर्चाचे ९० टक्के आणि वर्गाची कमाल मर्यादा, यांत जी रक्कम कमी असेल ती मिळते. उरलेला खर्च संस्थेने वर्गणी-देणगीतून भागवायचा. अनुदान साधारणपणे दोन हप्त्यांत येते आणि त्यातला निम्मा वाटा वेतनाचा असतो.

ड वर्गाचे उदाहरण घेऊ. त्याची कमाल मर्यादा अनेक वर्षे ३० हजार होती, २०२२ च्या निर्णयात ६० टक्के वाढ मिळून ती ४८ हजार झाली. समजा एका ग्रंथालयाचा मागील वर्षाचा अनुज्ञेय खर्च ४५ हजार आहे. ९० टक्क्यांनी ४०,५०० होतात, म्हणून मंजुरी तेवढीच. हप्ते २०,२५० चे दोन. पहिला हप्ता वर्षात मिळाला. दुसऱ्याचा आदेश मार्चअखेर निघाला आणि रक्कम एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात खात्यात पडली. आदल्या वर्षीचा रेंगाळलेला १८ हजारांचा हप्ताही याच वर्षी जमा झालेला. आता कार्यालयाच्या यादीत या वर्षापुढे ४०,५०० दिसतात. ३१ मार्चच्या हिशेबात, जमा-खर्च रोखीने लिहिणारी संस्था ३८,२५० दाखवते. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण दोन्ही कागद हाती पडलेला गावकरी वजाबाकी करतो आणि २,२५० रुपये सचिवाने खाल्ले, अशी हाकाटी ग्रामसभेत होते. हप्ता कोणत्या वर्षाचा आणि खात्यात कधी जमा झाला, एवढे दोन रकाने छापले असते तर हा वाद उद्भवलाच नसता.

आता कागद कुठे कुठे असतात ते पाहू. पहिला कागद शासन निर्णय. तो संकेतस्थळावर मिळतो, त्यावरचा संगणक सांकेतांक टाकला की लगेच उघडतो. पण त्यात लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातला खर्चाचा क्रमांक (सार्वजनिक ग्रंथालयांचे २२०५ खाली येते), एकूण रक्कम आणि ती संचालकांच्या हवाली केल्याचा मजकूर असतो. ग्रंथालयांची नावे नसतात. राज्याच्या खर्चाची बीम्स ही संगणक प्रणालीही आहरण व संवितरण अधिकाऱ्यापर्यंत, म्हणजे सरकारी पैसे काढून वाटणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत, येऊन थांबते. म्हणजे पैसे मंत्रालयातून निघाल्याचे कळते, पण कोणत्या गावात पोचले ते कळत नाही.

दुसरा कागद धर्मादाय कार्यालयात असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३३ प्रमाणे संस्थेचे हिशेब तपासले जातात. परिशिष्ट आठ म्हणजे ताळेबंद आणि परिशिष्ट नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक. खोच परिशिष्ट नऊमध्ये आहे. उत्पन्नाच्या बाजूला 'अनुदाने' अशी एकच ओळ. राज्याचे परिरक्षण अनुदान, नगरपरिषदेची मदत, एखाद्या खासगी प्रतिष्ठानाने दिलेली रक्कम, सगळे तिथेच एकत्र. काही लेखापरीक्षक सोबत तपशील जोडतात, बरेच जोडत नाहीत, आणि नमुना तशी सक्ती करत नाही. शासन व स्थानिक संस्थांच्या अनुदानाची वेगळी ओळ आहे ती परिशिष्ट नऊ-सी मध्ये, म्हणजे धर्मादाय कार्यालयाला द्यायचे अंशदान काढण्याच्या पत्रकात, कारण तिथे ती रक्कम वजा करायची असते. जाणकार मंडळी नऊ बाजूला ठेवून आधी नऊ-सी उलटतात ती याचसाठी. सामान्य वाचकाला हे कुठून ठाऊक असणार?

आणि वस्तुरूप मदत यातल्या कुठल्याच पानावर नीट येत नाही. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून समान (राज्यही वाटा घालते अशा) आणि असमान (राज्याचा वाटा नसलेल्या) निधीच्या योजनांतून ग्रंथ व साहित्य देते. आमदार निधीतून संगणक किंवा कपाटे येतात. रोख रक्कम संस्थेच्या खात्यातून गेलेलीच नसते, म्हणून उत्पन्न-खर्चात ओळ नाही. ग्रंथांची नोंद सापडते ती ग्रंथालयाच्या दाखलखात्यात: दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, किंमत आणि शेवटच्या 'कोठून मिळाले' या रकान्यात 'भेट' असा शब्द. देणारा कोण, कोणत्या योजनेतून, हे त्या 'भेट' शब्दामागे दडून राहते. खरेदीचे पुस्तक आणि सरकारी संच यांची किंमत एकाच रकान्यात उतरली की पुढे ग्रंथखरेदीवर किती खर्च झाला, याचा हिशेबच चुकतो. दाखलखात्यात 'भेट (प्रतिष्ठान, असमान निधी, वर्ष)' इतके लिहायला एक ओळ जास्त लागते, एवढेच.

तिसरा कागद म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. 'अनुदान ज्या प्रयोजनासाठी मंजूर झाले त्याच प्रयोजनासाठी खर्च झाले आहे' या एका वाक्यावर सही-शिक्का. असल्या प्रमाणपत्रातून कोणालाच काही कळत नाही, ते देणाऱ्यालाही. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नमुना १२-अ पाहा: आरंभीची शिल्लक, मिळालेले अनुदान, त्यावरचे व्याज, ते परत भरले का, एकूण उपलब्ध रक्कम, खर्च आणि अखेरची शिल्लक असे सगळे रकाने आहेत, शिवाय वेतन, सर्वसाधारण आणि भांडवली मत्ता अशी फोड आहे. राज्याच्या योजनेलाही हाच साचा लावायला अडचण कसली? गावच्या ग्रंथालयाला हे सात-आठ आकडे भरायला अर्धा तास पुरे, कारण ते रोजकीर्दीत असतातच.

हे तिन्ही कागद जोडायचे म्हटले तर मोठा अडथळा वाटतो त्याहून क्षुल्लक आहे, तो म्हणजे नाव. एकाच संस्थेला एका यादीत 'सार्वजनिक वाचनालय', दुसरीत 'सार्व. वाच.' आणि तिसरीत 'मोफत वाचनालय व ग्रंथालय' म्हटलेले असते. एका तालुक्यात दोन पिंपळगावे असली की संपलेच. त्यात जुन्या याद्या श्रीलिपीसारख्या फॉण्टमध्ये टंकलेल्या, नाहीतर वाकड्या स्कॅन केलेल्या. त्यांत शोध चालत नाही. यावर उपाय हाताशी आहे. प्रत्येक संस्थेला विश्वस्त नोंदणीचा 'एफ' क्रमांक असतो, जिल्ह्यासह. तो प्रत्येक कागदावर सक्तीने लिहिला की तिन्ही याद्या एका बैठकीत जुळतात.

कायदा नाही म्हणून हे अडले आहे, असेही नाही. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४(१)(ब) मध्ये ज्या १७ बाबी कोणी न मागता प्रसिद्ध करायच्या आहेत, त्यातली बारावी अनुदान कार्यक्रमांचीच आहे: अंमलबजावणीची रीत, वाटलेली रक्कम आणि लाभार्थींचा तपशील. केंद्राच्या कार्मिक विभागाने १५ एप्रिल २०१३ च्या ज्ञापनात ऐच्छिक (देणे सरकारच्या मर्जीवर असलेल्या) आणि बिगर-ऐच्छिक अनुदानांचा वेगळा उल्लेख करून हेच सांगितले. प्रत्यक्षात '१७ बाबी' नावाच्या पानावर बाराव्या मुद्द्यापुढे अनेकदा 'निरंक' किंवा 'शासन निर्णयाप्रमाणे' असे शब्द वाचायला मिळतात. राजस्थानने २०१९ मध्ये जन सूचना पोर्टल सुरू करून योजनांचे लाभार्थी गावनिहाय दाखवायला घेतले, तेही याच कायद्याच्या आधारे.

हल्ली एक नवी सबब ऐकू येते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ ने माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीबद्दलचे कलम ८(१)(जे) बदलले, त्यामुळे आता यादी देता येत नाही, अशी. हा कायदा व्यक्तीच्या माहितीबद्दल आहे. नोंदणीकृत संस्था म्हणजे व्यक्ती नव्हे. तिला मिळालेले अनुदान वैयक्तिक माहितीत मोडत नाही. ग्रंथपालाचे नाव आणि त्याचे मानधन छापायची गरजही नाही, वेतनावरचा एकूण खर्च पुरतो. (ते मानधन किती तुटपुंजे आहे हे लोकांना कळले तर बरेच होईल, पण तो विषय वेगळा.)

उलट बाजूचे एक टोकही आम्हाला मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१९ रोजी डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात स्पष्ट केले की शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य घेणारी बिगरसरकारी संस्थाही माहिती अधिकाराखाली येऊ शकते आणि 'भरीव' म्हणजे निम्म्याहून अधिकच असे नाही. निर्णय योग्यच आहे. पण म्हणून संध्याकाळी तीन तास दार उघडणाऱ्या ड वर्गाच्या वाचनालयाने जन माहिती अधिकारी नेमावा, अपिले ऐकावीत, ही अपेक्षा म्हणजे ते वाचनालय बंद पाडण्याची सोय. प्रकटन पैसे देणाऱ्याने करायचे. घेणाऱ्याने दारावर चार ओळींचा फलक लावला तरी भागते: वर्ग, मंजूर रक्कम, जमा झालेली रक्कम व तारीख, हिशेब पाहायचा असल्यास वेळ.

प्रकटन सरकारच्याही अंगावर येते, आणि टाळाटाळीचे खरे कारण तेच असावे असे आमचे मत आहे. मंजुरीची तारीख आणि जमा झाल्याची तारीख शेजारी-शेजारी छापल्या की हप्ता किती महिने कुठे पडून होता ते उघड होते. कपात झाली असेल तर तिचे कारणही लिहावे लागते: लेखापरीक्षण अहवाल उशिरा आला, तपासणीत वर्गाचे निकष भरले नाहीत, की तरतूदच अपुरी होती. आज या तिन्हींना 'कपात' असा एकच शब्द आहे आणि बोल मात्र गावच्या सचिवाला लागतो. २०१२ साली महसूल यंत्रणा लावून राज्यभरातल्या ग्रंथालयांची पडताळणी करावी लागली, त्यानंतर नव्या मान्यता आणि वर्गबदल वर्षानुवर्षे थांबले. नीट चाललेल्या ग्रंथालयांनीही ती शिक्षा भोगली. गावनिहाय यादी तेव्हा लोकांसमोर असती, तर कुलूप लागलेल्या वाचनालयाची खबर पलीकडच्या टपरीवाल्यानेच दिली असती.

अशी यादी प्रसिद्ध होईपर्यंत ज्यांना माहिती काढायची आहे, त्यांच्यासाठी. माहिती अधिकाराचा अर्ज जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करावा, १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून ग्रंथालयाचे अनुदान आणि इमारतीचे अनुदान एकत्र विचारू नये. 'अनुदानाचा तपशील द्या' असे लिहिले की शासन निर्णयाची प्रत हाती पडते. त्याऐवजी 'अमुक वर्षाच्या परिरक्षण अनुदानाचा प्रत्येक हप्ता अदा करताना बँकेकडे पाठवलेली ग्रंथालयनिहाय यादी, अदायगीच्या दिनांकासह, इलेक्ट्रॉनिक स्वरूपात' असे मागावे. 'का दिले नाही' हा प्रश्न टाळावा, तो माहितीच्या व्याख्येत बसत नाही म्हणून अर्ज निकाली काढतात. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील, शुल्क २० रुपये. शिवाय नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहण्याची सोय केली आहे. तिचा उपयोग फार थोडे लोक करतात.

शासनाकडे मागणी एकच. वेगळे पोर्टल, समिती, निविदा यांतले काही नको. हप्ता अदा करताना बँकेकडे जी यादी जाते तिच्यात ग्रंथालयाचे नाव, रक्कम आणि खाते क्रमांक असतोच. खाते क्रमांकाचा रकाना काढावा. 'एफ' क्रमांक, वर्ग, हप्ता कोणत्या वर्षाचा आणि कपातीचे कारण, असे चार रकाने वाढवावेत. युनिकोडमधली तीच फाइल, स्कॅन न करता, पैसे सुटतील त्या दिवशी संचालनालयाच्या संकेतस्थळावर टाकावी आणि पुढच्या वर्षाची फाइल आली म्हणून जुनी पुसू नये.

आपले,
सार्वजनिक विश्वस्त संस्थांचे हिशेब पाहणारे काही लेखापाल व ग्रंथालय सभासद