चित्राखाली मुलाचं वय छापा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं मुलांचं पान मी न चुकता बघते. एकोणतीस वर्षं प्राथमिक शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे बातम्यांच्या आधी हात तिकडेच जातो. गेल्या काही आठवड्यांतली चित्रं पाहून मात्र लिहायला बसले. बहुतेक चित्रं सुबक आहेत. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळणाची नदी, काठावर झोपडी. रंग कुठेही रेषेबाहेर गेलेला नाही. काढणारं मूल सहा वर्षांचं की दहा, हे चित्रावरून सांगताच येत नाही, आणि तेच मला खटकलं.

सहा वर्षांचं मूल असं चित्र काढत नाही. बरेचदा ते आधी काढतं आणि मग ठरवतं की हे काय झालं. आईचं डोकं घराएवढं होतं, कारण त्या दिवशी आईच महत्त्वाची असते. चेंडू झेलणाऱ्या माणसाचे हात पायांपेक्षा लांब होतात, आणि नुसत्या उभ्या माणसाला हात नसले तरी त्याचं काही अडत नाही. झाड जांभळं असतं, कारण जांभळा खडू आवडीचा. सात-आठ वर्षांचा झाला की कागदाच्या तळाशी जमिनीची एक रेघ येते आणि माणसं, झाडं, गाड्या सगळे तिच्यावर रांगेत उभे राहतात. आकाश वरच्या कडेला निळ्या पट्टीसारखं असतं, मधे नुसती मोकळी हवा. घराला भिंत असूनही आतला पलंग आणि पलंगाखालचं मांजर दिसतं. नवव्या-दहाव्या वर्षी ती रेघ सुटते, जमीन पसरते, पुढच्या वस्तूमागे मागची वस्तू झाकली जाते, आणि खोडरबर झपाट्याने झिजायला लागतो.

व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने १९४७ साली हे टप्पे सविस्तर मांडले. वयाच्या सीमा काटेकोर नसतात, हे मला माझ्या वर्गांनीच दाखवलं, पण क्रम बहुधा तोच असतो. भिंतीतून दिसणारं मांजर ही चूक नव्हे. मांजर तिथे आहे हे मुलाला माहीत आहे आणि त्याला जे माहीत आहे ते तो काढतो. ते पुसायला लावलं तर मुलाला एवढंच कळतं की आपल्याला माहीत असलेलं इथे चालत नाही.

आणि तरी उपक्रम मात्र पहिलीपासून सगळ्यांना एकच. सुरुवातीची काही वर्षं मीही तेच केलं. रात्री बसून पुठ्ठ्याची तीस फुलपाखरं कापायची, सकाळी मुलांनी त्यांवर टिकल्या चिकटवायच्या, दुपारी ती फळ्यावर ओळीने लावायची. पालक खूश. एकदा पहिलीतल्या एका मुलीने फुलपाखरू उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला पान कुरतडणारी एक जाडजूड अळी काढली. म्हणाली, “बाई, हे अजून फुलपाखरू झालं नाहीये.” त्या तीसांत तिचं स्वतःचं असं तेवढं एकच होतं. त्यानंतर मी काही कापून नेणं बंद केलं.

मोठ्यांना साहित्याची फार काळजी असते. मला विचाराल तर साहित्य एकच असलं तरी चालतं, मुलाकडून अपेक्षा वयाप्रमाणे बदलायला हवी. मातीचंच घ्या. सहा वर्षांच्या मुलाला मातीचा गोळा द्यावा आणि गप्प बसावं. त्याची गाडी पाच मिनिटांत साप होते, सापाचा पुन्हा गोळा होतो. शेवटी टेबलावर काही उरलं नाही तरी तास वाया गेलेला नसतो, कारण दाबणं, वळणं, चिमटीत धरून ओढणं हे सगळं त्या बोटांनी करून झालेलं असतं. आठ वर्षांच्या मुलाला गोष्ट हवी असते. त्याला नुसता हत्ती नको, हत्ती कुणाला भेटायला निघालाय ते हवं. मग चार मुलांचं मिळून एक गावच उभं राहतं. दहा वर्षांच्याला आपली वस्तू टिकायला हवी असते. कपाचा कान वाळल्यावर गळून पडला की तो हिरमुसतो. त्याच्यापुढे तंत्र ठेवायची हीच वेळ: दोन्ही बाजू खरवडायच्या, मधे पाण्यात कालवलेली पातळ माती लावायची, मग दाबून जोडायचं. हेच सहा वर्षांच्याला सांगायला गेलात तर तो माती ठेवून उठून जाईल.

धाकट्यांना कात्रीआधी कागद फाडू द्यावा. पिवळा आणि निळा एवढेच रंग द्यावेत, हिरवा त्यांचा त्यांना सापडू द्यावा. मधल्यांना ठसेकाम फार रमवतं: पानं, बाटल्यांची झाकणं, दोरा गुंडाळलेला ठोकळा. एकच आकार पुन्हा पुन्हा उमटवताना नक्षी आपोआप जमू लागते.

सर्वांत जपायला हवं ते नऊ-दहाच्या वयाला. “मला येत नाही” हे वाक्य इथे पहिल्यांदा ऐकू येतं आणि अनेक मुलं याच सुमारास चित्र काढणं कायमचं सोडतात. या वर्गात मी एक करायची: समोर बूट ठेवायचा, नजर बुटावरून हलवायची नाही, कागदाकडे बघायचं नाही आणि बाह्यरेषा सावकाश काढत जायची. सगळ्यांचीच चित्रं वेडीवाकडी येतात, त्यामुळे कुणाला कुणाची लाज उरत नाही. आणि त्या वेड्यावाकड्या रेषेत बुटाची खरी सुरकुती, खरी नाडी आलेली असते. मुलांना ती दिसते.

आता आपल्या पानावरच्या बक्षिसांबद्दल. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रं काढण्याची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना न सांगता, अचानक प्रशस्तिपत्र दिलं होतं, त्यांची आवड कमी झाली नाही. ती मुलं बालवाडीच्या वयाची होती, पण स्पर्धा जाहीर झाली की वर्गात काय होतं ते मी मोठ्या मुलांमध्येही पाहिलं आहे. पहिला प्रश्न येतो, “बाई, मागच्या वेळी कुठल्या चित्राला नंबर मिळाला?” आणि मग सगळीकडे डोंगर उगवतात.

म्हणून विनंती. पहिला, दुसरा, तिसरा हे क्रमांक बंद करा आणि प्रत्येक चित्राखाली नावाबरोबर वय छापा. सहा वर्षांच्यांची चित्रं शेजारी शेजारी लावा, दहा वर्षांच्यांची वेगळी, म्हणजे पालकांना आपल्या मुलाची तुलना ताईच्या चित्राशी करावी लागणार नाही. मोठ्यांनी चित्राला हात लावू नये, अशी एक ओळ पानावर असू द्या. चित्र काढताना मूल काय म्हणालं ते मागच्या बाजूला लिहून मागवा आणि चित्रासोबत छापा. ज्याला लिहिता येतं त्याने स्वतः लिहावं, आणि ते अशुद्ध असलं तरी कृपया तसंच राहू द्यावं.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका