गिरणीत तालीम व्हावी: मित्रास पत्र

काळाचौकी, मुंबई

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. बंद गिरणीत संग्रहालय व्हावं, हे तुझं म्हणणं मला पटतं. पण तेवढ्यावर थांबू नये, तिथे नाटक-भजनाच्या तालमीलाही जागा मिळावी असं मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आपल्या इंडिया युनायटेड मिल नंबर दोन-तीनच्या आवारात महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय करायला घेतलंय. साचे, धोटे, बॉबिनी, हजेरीची कार्डं, सगळं तिथे मांडावं. विणकामाचं साचेखातं कुठलं आणि सूतकताईचं त्रासनखातं कुठलं, हे आपल्या मुलांना कळायलाच हवं. १८५४ साली कावसजी दावरांनी ताडदेवच्या गिरणीचा घाट घातला तिथपासून १८ जानेवारी १९८२ च्या संपापर्यंतचा इतिहास भिंतीवर लागलाच पाहिजे. पण गिरणगावची कला कधी काचेच्या कपाटात नव्हती रे. पाळी सुटली की तुझे अण्णा भजनाला बसायचे ते चाळीच्या गच्चीवर. शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे यांची कलापथकं इथल्याच मैदानांत उभी राहिली, नारायण सुर्वे गिरणीत राबून कविता लिहीत होते. दामोदर हॉलला नाटक लागलं की त्याआधी महिना-दोन महिने कुठल्यातरी दहा बाय बाराच्या खोलीत तालीम चाललेली असायची. कमतरता होती ती तालमीच्या जागेचीच. आजही तीच आहे. गच्च्या गेल्या, टॉवरच्या सोसायट्या ढोलकी वाजू देत नाहीत, शाळेचा वर्ग मिळाला तर मिळाला.

आणि गिरणीचं खातं त्यासाठी बांधल्यासारखं आहे! तू आर्किटेक्ट, तुला मी काय सांगणार, तरी सांगतो. करवतीच्या दात्यांसारखं ते छप्पर, त्याच्या उभ्या काचा उत्तरेकडे. ऊन थेट आत येत नाही, उजेड मात्र सगळीकडे सारखा पडतो. तुटलेला धागा कामगाराला लांबूनही दिसावा म्हणून ती सोय होती. चित्र काढणाऱ्याला, नाच बसवणाऱ्याला याहून चांगला उजेड कुठे मिळणार? खाली रांगेने बिडाचे खांब, मध्ये भिंत नाही. हलके पडदे लावले की एका खात्यात चार मंडळं बसतील.

ब्राझीलमधल्या साओ पाउलोचं सेस्क पॉम्पेया हे कला-संस्कृतीचं केंद्र तू कॉलेजात अभ्यासलं असशील. मुळात तो पिंपं बनवायचा बंद कारखाना. आर्किटेक्ट लीना बो बार्दी जागा पाहायला गेल्या, तेव्हा आत पोरं चेंडू खेळत होती, आया खाणं करत होत्या, कोपऱ्यात बाहुल्यांचा खेळ चालू होता. जे आधीच चाललंय ते मोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. विटांवरचा गिलावा काढला, मोठ्या दालनाच्या फरशीतून पाण्याचा वळणदार उथळ प्रवाह नेला, वाचायला जागा, नाट्यगृह, मातीकामाच्या कार्यशाळा, स्वस्त जेवण. ते सुरू झालं १९८२ साली. आपले भोंगे बंद पडले त्याच वर्षी. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

तिथला खर्च कसा भागतो, तेही बघ. सेस्क म्हणजे ते केंद्र चालवणारी संस्था, तिला व्यापारी आस्थापनांच्या पगारपत्रकावर दीड टक्का वर्गणी मिळते. आपल्याकडेही कामगार कल्याण निधीची कपात जूनच्या आणि डिसेंबरच्या पगारातून होते, मालकही भर घालतो. त्यातून कामगार कल्याण केंद्रं चालतात, नाट्यस्पर्धा होतात. मग गिरणीतलं एक खातं त्या कामगार कल्याण मंडळाकडे का सोपवू नये? भाडं नाममात्र, पाळी नोंदवही ठेवून, आधी गिरणगावातल्या मंडळांना.

भिंती राहिल्या म्हणजे जागा वाचली असं नसतं. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमात गिरणीच्या जमिनीचा एक हिस्सा मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला असा हिशेब होता. २००१ मध्ये तो फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता आणला, आणि २००६ ला सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. फिनिक्समध्ये, कमला मिलमध्ये कसले मॉल आणि हॉटेलं उभी राहिली ते तू येता-जाता पाहतोसच. चिमणी तशीच, पण आत जायला खिसा लागतो. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातल्या आगीत चौदा माणसं गेली. जुन्या आवारात गर्दी आणायची तर बाहेर पडायच्या वाटा आणि बंबाचा रस्ता आराखड्यात पहिल्यांदा हवा. यात तडजोड नको.

म्हणून तुला एक काम सांगतो. एका खात्याचा छेद-नकाशा काढून दे. खांबांच्या दोन ओळींत तालमीचे किती गाळे बसतील, शेजारी भजन चालू असताना नाटकवाल्यांना संवाद ऐकू यावेत म्हणून पडदा कसला लागेल, आणि छपराच्या काचा न बदलता पाऊस कसा थोपवायचा, एवढं दाखव. इथल्या चार-पाच मंडळांच्या सह्यांचं पत्र मी तयार करतो. तुझा कागद आला की दोन्ही मिळून वॉर्ड ऑफिसला देऊ.

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत