येत नाही मी

चि. मनू,

तुझा फोन आला तेव्हापासून मी गप्प गप्प आहे, असं तुझ्या आईचं म्हणणं. "बाबा, या वेळी पुण्याला येऊ नका, मला एकटीला धावू द्या," एवढंच बोललीस तू. राग आला होता, खोटं कशाला सांगू. एसटीचा पास आहे, सुट्टीही टाकली होती. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलो.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवते? आपल्या नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला न् नाग नदी लोकांच्या घरात शिरली. तू सराव सोडून कॉर्पोरेशन कॉलनीत मैत्रिणीकडे गेलीस, ती तीन दिवस तिथेच. तिसऱ्या दिवशी मी स्कूटर घेऊन आलो. दारात चिखलाचा ढीग, पाणी पिऊन फुगलेली गादी, तिचं एक टोक तुझ्या हातात, दुसरं त्या पोरीच्या आजीच्या. आणि मी त्या आजीसमोर ओरडलो, "जिल्हा स्पर्धा तोंडावर आली न् तू इथे काय करून राहिली?" आजीने गादी खाली ठेवली, पदराला हात पुसले न् मला पाणी आणून दिलं. त्या घरात तेव्हा प्यायचं पाणी बाटल्या मोजून होतं. मी ते घटाघटा प्यायलो.

मग बुडालेला सराव भरून काढायचं खूळ घेतलं मी. सकाळी मानकापूरचा ट्रॅक, संध्याकाळी घरासमोरचा सिमेंट रोड; तू पुढे, मी मागे स्कूटरवर, हातात स्टॉपवॉच. (या सिमेंट रोडांनी रस्ते वर न् घरं खाली केली, पावसाचं सगळं पाणी आपल्या अंगणात. पण तो विषय वेगळा.) नडगी दुखते म्हणालीस, तर म्हणे "थोडं दुखणारच बेटा." एक्स-रेत काही दिसलं नाही तेव्हा तर मी जिंकल्यासारखा हसलो. एमआरआयमध्ये हाडाला केसाएवढी चीर निघाली. डॉक्टरांना मी म्हटलं, हिने चिखल उपसला ना, त्याचं असेल. त्यांनी विचारलं, धावणं एकदम किती वाढवलं? कशावर धावते?

मी टायरचा माणूस. तीस वर्षं गणेशपेठ डेपोत काढली. लोड वाढला, रोड कडक असला, की टायर आधी आतून जातो, वरून ठणठणीत दिसतो. गाडीच्या बाबतीत हे मी नव्या पोरांना शिकवतो.

सहा आठवडे धावणं बंद झालं न् तू घरात कुणाशी बोलेनाशी झालीस. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर पाण्याच्या स्टॉलवर बसते म्हणालीस, तेव्हा मीच सोडून दिलं, म्हटलं निदान बसून राहील. संध्याकाळी घ्यायला आलो तर तू फुटपाथवर, आणि मांडीवर एका म्हातारीचा पाय. परभणीकडची होती. टाचेला हा एवढा फोड. तू तो फोडला नाहीस. पट्टीला मधोमध गोल भोक पाडून फोडाभोवती बसवलीस, वरून दुसरी पट्टी घातलीस आणि स्वतःच्या पिशवीतले धावायचे मोजे काढून तिच्या पायात चढवलेस. ते मोजे मी साडेतीनशेला आणले होते. खरं सांगतो, पहिल्यांदा तेच डोक्यात आलं.

पण मला झोपू देत नाही ती त्याच्या पुढच्या वर्षी झालेली विभागीय स्पर्धा. आठशे मीटर, दोन फेऱ्या. पहिलं वळण संपेपर्यंत आपापल्या लेनमध्ये राहायचं, मग आत यायचं. तू दुसरी आलीस, मी घड्याळ दाबलं, दोन मिनिटं एकोणीस. आणि मग कळलं की वळणावरच्या पंचाने पिवळं निशाण दाखवलं होतं. तू ब्रेक लाईनच्या आधीच आत शिरली होतीस. बाद. मी कठडा ओलांडून आत गेलो. काय काय बोललो त्या पंचांना, सगळं मैदान ऐकत होतं. तू स्पाईक हातात घेऊन अनवाणी चालत आलीस न् म्हणालीस, "बाबा, माझा पाय आत गेला होता. मला धावतानाच कळलं." मग पंचांकडे वळून "सॉरी सर" म्हणालीस. ओरडलो मी होतो, त्याची माफी तू माझ्यासाठी मागितलीस.

घरी येताना मी परत पी. टी. उषाची गोष्ट काढली, १९८४, लॉस एंजलिस, सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलेलं कांस्य. ती गोष्ट मी तुला नेहमी धाक घालायला सांगत आलो. त्या दिवशी तू पहिल्यांदा हेल्मेटमधून ओरडलीस, "त्या चौथ्या आल्या बाबा, ऑलिम्पिकमध्ये चौथ्या!" रहाटे कॉलनीच्या सिग्नलला लोक बघायला लागले होते.

तर, येत नाही मी. सुट्टी रद्द केली. त्या पंचांना नंतर एकदा भेटून आलो, हे तुला सांगायचं राहिलंच होतं. ते हसले, चहा पाजला, तुझं कसं चाललंय विचारलं.

आईने डब्यात संत्रा बर्फी पाठवली आहे, रेसच्या आधी हात लावू नको. स्पाईकचे जादा खिळे पेपरात गुंडाळून डब्याच्या तळाशी ठेवलेत, आणि दोन जोड मोजे. एक वाटून टाकायला.

रेस झाली की आईला फोन कर. ती वेळ विचारणार नाही, जेवलीस का विचारेल. मी बाजूलाच बसलेला असेन. तू आपणहून सांगितलीस वेळ, तर ऐकेन.

तुझा
बाबा