पोस्टरवरचे कोटी

नाशिक

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

अमुक सिनेमाने ४०० कोटी कमावले, खर्च २५०, म्हणजे दीडशे कोटी नफा. तेव्हा मित्राच्या सिनेमात आपणही दोन लाख घालू, असं तू फोनवर तावातावाने सांगितलंस. आईसमोर वाद नको म्हणून गप्प बसलो. आता हिशेब मांडतो.

४०० कोटी हा नुसता तिकीट खिडकीवरचा गल्ला. लासलगावला कांद्याचा पुकारलेला भाव आणि हातात पडणारी पट्टी यांच्यामध्ये वर्षानुवर्षं हमाली, तोलाई, वाराई कापली जायची, तसंच हे. शंभराच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी. तो गेला की उरले ३३९ कोटी. मग थिएटरवाल्याचा वाटा. २००९ च्या निर्माते-वितरकांच्या संपानंतर मल्टिप्लेक्सशी ठरलं ते असं: पहिल्या आठवड्यात वितरकाला (सिनेमा थिएटरांपर्यंत पोचवणाऱ्याला, त्याच्याकडून मग निर्मात्याला) ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे ३०. पहिल्या शनिवार-रविवारसाठी एवढा गाजावाजा का करतात, ते कळलं ना? सरासरी ४५ टक्के धरले तरी हाती येतात दीडशेच्या आसपास. त्यातून जाहिरात आणि वितरकाचं कमिशन. म्हणजे खर्चातलेच शंभरावर कोटी अजून निघायचे आहेत!

ते निघतात ओटीटी, टीव्ही आणि गाण्यांच्या हक्कांतून. नट मोठा असला की हे हक्क आधीच विकले जातात, म्हणून थिएटरात आपटलेला सिनेमाही कधीकधी तरतो. तुझ्या मित्राकडे तसा नट नाही. मग हक्क आधी कोण घेणार?

'सैराट'चं काय, असं तू म्हणशीलच. चार कोटींच्या आसपास खर्च, शंभर कोटींच्या घरात गल्ला. खरंय. पण दर शुक्रवारी लागून पुढच्या शुक्रवारी उतरलेल्या मराठी सिनेमांची नावं तुला तरी आठवतात का?

आपल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके तर विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून या धंद्यात उतरले. 'राजा हरिश्चंद्र' चाललाही. तरी १९४४ साली नाशिकात गेले ते हलाखीतच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे (त्याची निगा कशी राखतात, ते न बोललेलं बरं).

मित्राला तीन गोष्टी विचार: वितरक ठरला का, जाहिरातीचा खर्च कुणाचा, आणि आलेल्या पैशातून आधी कोण उचलणार. उत्तरं कागदावर, सहीनिशी आण. मग पन्नास हजार देईन. दोन लाख जमणार नाहीत. द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीचे मजूर आणि औषधं डोक्यावर आहेत.

आई विचारते, शनिवारी येतोस का.

तुझा,
बाबा