पवनेच्या पाण्यावर आमच्या हाती टिलर देणाऱ्या सरांस

आदरणीय सर,

सविनय नमस्कार.

वेताळ टेकडीवर दर रविवारी एकत्र चालणाऱ्या आमच्या गटातर्फे हे पत्र लिहीत आहे. मार्चमधील त्या शनिवारी आपण पवना धरणाच्या जलाशयावर आम्हाला शिडाची होडी चालवायला शिकवलीत. परतीच्या घाईत आपले आभार जेमतेम मानले गेले; ते रीतसर आणि सर्वांसमक्ष मानावेत असे गटात ठरले, म्हणून हे जाहीर पत्र.

लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे किल्ले आमच्यापैकी बहुतेकांच्या पायाखालचे आहेत. लोहगडाच्या विंचूकाट्यावरून खालचे पाणी आम्ही अनेकदा पाहिले, पण त्या पाण्यावर जाऊन किल्ल्यांकडे पाहावे असे कोणाला कधी सुचले नव्हते. पुण्यात होडी म्हटली की सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचा रेगाटा, म्हणजे होड्यांचा उत्सव, आठवतो आणि तिथे कौशल्य असते ते वल्ह्यांचे. शिडाचे काम मुंबई-कोकणातल्या लोकांचे, अशीच आमची समजूत होती.

सकाळी आपण आम्हाला पाण्यात उतरू दिले नाही, यावर आमच्यात थोडी कुरकुर झाली होती, हे आता सांगायला हरकत नाही. जमीन तापल्यावर दुपारी घाट ओलांडून पश्चिमेचा वारा येतो, तोवर थांबायचे आहे, असे आपण सांगितलेत आणि तो सगळा वेळ किनाऱ्यावर ठेवलेल्या होडीत आम्हाला बसवून कामाला लावलेत. आपल्या एंटरप्राइज होड्या दोघांनी मिळून चालवायच्या, निळ्या शिडांच्या. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये त्यांचा आराखडा केला हेही आम्हाला तिथेच कळले. मेनशीट म्हणजे मोठ्या शिडाला आवरणारी दोरी. ती कप्पीतून निसटू नये म्हणून तिच्या टोकाला इंग्रजी आठाच्या आकाराची गाठ मारायची असते. ही गाठ आपण प्रत्येकाकडून, आमच्यातल्या निवृत्त अभियंत्यांकडूनही, चोख जमेपर्यंत मारून घेतलीत. बूम, म्हणजे मोठ्या शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जाताना डोके खाली घ्यायचे, हे तर इतक्या वेळा घोकून घेतलेत की दुपारी कोणाच्याही कपाळाला टेंगूळ आले नाही.

मात्र ज्या गोष्टीसाठी हे पत्र मुख्यतः लिहीत आहे, ती दुपारची. दुचाकीवर हात बसलेल्या माणसाला टिलरचा, म्हणजे सुकाणूच्या दांड्याचा, उलटा न्याय पचायला वेळ लागतो; टिलर डावीकडे ढकलला की होडीचे नाक उजवीकडे वळते. त्यातच आपण आम्हाला तुंगच्या दिशेने, म्हणजे जवळजवळ वाऱ्याच्या तोंडावर, जायला सांगितलेत. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण पंचेचाळीस अंशांच्या आत होडी शिडावर पुढे जाऊच शकत नाही, म्हणून एकदा या अंगाने आणि एकदा त्या अंगाने टॅक, म्हणजे नाक वाऱ्यातून पलीकडे वळवणारे वळण, घेत वर चढायचे असते, हे किनाऱ्यावर फळ्यावर समजले होते. पाण्यावर मात्र आमची होडी टॅकच्या मधोमध वाऱ्याकडे तोंड करून अडकली, शीड फडफडू लागले आणि आम्ही हळूहळू मागे सरकू लागलो. आपण सुरक्षा होडीतून हाकेच्या अंतरावर होतात. हात पुढे करून आमची होडी वळवून देणे आपल्याला सहज शक्य होते, आणि आम्ही तशी विनंतीही केली. आपण फक्त इतकेच म्हणालात, "घाबरलात तर मेनशीट सोडा, बाकी काही करू नका. आता वारा कुठल्या गालाला लागतोय ते सांगा." मग जिब, म्हणजे पुढचे छोटे शीड, उलट्या बाजूला धरून आम्ही होडीचे नाक स्वतःच फिरवले, शीड भरले आणि होडी एका अंगावर कलून चालू लागली. शिकवणाऱ्याला हात आवरून बसणे किती जड जाते हे आमच्या गटातल्या शिक्षकांना चांगले ठाऊक आहे, आणि परतीच्या गाडीत त्यांनी सर्वांत जास्त कौतुक केले ते याच गोष्टीचे.

होडी मुद्दाम उलटवण्याच्या सरावात आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ सदस्या, माहेरच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या आणि आता सत्तरीला टेकलेल्या, सर्वांआधी पुढे झाल्या. त्यांना थांबवावे असे आम्हाला वाटत होते. आपण त्यांचे लाइफ जॅकेट स्वतः तपासलेत आणि त्यांना जाऊ दिलेत. सेंटरबोर्डवर, म्हणजे होडीच्या तळातून पाण्यात जाणाऱ्या फळीवर, उभे राहून त्यांनी होडी सरळ केली तेव्हा किनाऱ्यावर झालेला गलका आपणही ऐकलाच असेल.

जेवताना आपण नौदलाच्या दिलीप दोंदे यांच्याविषयी बोललात. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेवरून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्या शिडांना आणि आमच्या निळ्या शिडांना वाऱ्याचे नियम एकच आहेत, हे आपले म्हणणे त्या वेळी आम्ही हसण्यावारी नेले होते. दुपारनंतर कोणी हसत नव्हते.

सुरक्षा होडी चालवणाऱ्या आपल्या तरुण सहकाऱ्यांचेही आभार स्वतंत्रपणे मानायला हवेत. उन्हाळ्यात पाणी उतरले की वाघेश्वराचे जुने मंदिर वर येते आणि तेवढ्या काळात कोणत्या बाजूला सेंटरबोर्ड तळाला टेकण्याची भीती असते, हे त्यांनी बोटाने दाखवून सांगितले. ही माहिती कोणत्याही नकाशावरून आम्हाला मिळाली नसती.

दिवाळीनंतर, जलाशय भरलेला असताना, पुन्हा यावे असा गटाचा विचार आहे. ज्येष्ठ सदस्यांनी विचारायला सांगितले आहे की तेव्हा त्यांना एकटीने चालवायची छोटी होडी मिळू शकेल का. आपल्या सोयीच्या तारखा कळवाव्यात, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
गटातर्फे एक सदस्य, पुणे