हायड्रोजन किती मावला, एवढं मोजून भागत नाही

माननीय केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्री यांस,

स.न.वि.वि.

मी वाशीत रसायनशास्त्र शिकवतो. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी मंजूर झाले, त्यात संशोधनाला ४०० कोटी. शंभरातले जेमतेम दोन रुपये. ते वाढवा म्हणून हे पत्र नाही (वाढवलेत तर नको कोण म्हणेल!). त्यातले थोडे कुठे जावेत, एवढंच सांगायचंय.

हायड्रोजन तयार करण्यावर भरपूर बोललं जातं, साठवण्यावर कमी. आज तो ७०० बार दाबाने टाकीत कोंबतात, नाहीतर उणे २५३ अंशांवर द्रवरूपात ठेवतात. तिसरी वाट सच्छिद्र पदार्थांची, म्हणजे २०२५ चं नोबेल मिळालेल्या धातू-सेंद्रिय चौकटींची (धातूचे आयन सेंद्रिय रेणूंनी जोडून केलेली जाळीदार रचना). अडचण एकच, हायड्रोजन त्यांच्या भिंतींना फार सैल चिकटतो.

द्रव नायट्रोजनच्या थंडीत किती वायू शोषला गेला, हे मोजता येतं. पण ते म्हणजे लोकलच्या डब्यात माणसं किती शिरली हे कळणं. बसायला कुणाला मिळालं आणि दारात कोण लोंबकळतंय, ते नाही. ते अवरक्त (इन्फ्रारेड) वर्णपट सांगतो, म्हणजे पदार्थाने कोणता अवरक्त प्रकाश शोषला याचा आलेख. गंमत म्हणजे मोकळा हायड्रोजन अवरक्त प्रकाशाला दिसतच नाही, त्याला द्विध्रुव नाही, म्हणजे धन आणि ऋण अशी वेगळी टोकं नाहीत. छिद्रात धातूच्या आयनापाशी बसला की त्याचा विद्युतभार किंचित सरकतो आणि वर्णपटात पट्टा उमटतो. मोकळ्या रेणूचं कंपन ४१६१ प्रति सेंटीमीटरला (वर्णपटातली जागा मोजायचं हे एकक). पट्टा त्याच्या जितका खाली, तितकी साधारणपणे पकड घट्ट. त्याच बांधणीत जस्ताऐवजी निकेल घातलं की तो आणखी खाली जातो.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात कच्चा माल तपासायला एफटीआयआर यंत्रं (अवरक्त वर्णपट घेणारी) आहेत, आमच्याकडेही आहे. नाही तो नमुना ३० केल्विनच्या (सुमारे उणे २४३ अंशांच्या) आसपास ठेवणारा क्रायोस्टॅट. त्यात आमचा पावसाळा! जुलैत नमुना मिसळून दाबलेली पोटॅशियम ब्रोमाइडची चकती यंत्रापर्यंत नेईतो धुरकटते, आणि तीच दमट हवा चौकटीत शिरून धातूच्या जागा आधीच बळकावते. म्हणून नमुना निर्वातात तापवून, हवा न लागू देता मोजावा लागतो.

तेव्हा ऐरोली ते बेलापूर दरम्यान कुठेही अशा मोजणीचं एक सामाईक केंद्र द्यावं, आणि आठवड्यातले दोन दिवस छोट्या कॉलेजांसाठी राखावेत. नुसतं यंत्र मात्र नको. त्यासोबत देखभालीचा करार हवा आणि कायम पगारावरचा ऑपरेटर हवा. उद्घाटनाची फीत सवडीने कापा, ऑपरेटरच्या नेमणुकीचा आदेश आधी निघू द्या.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक, नवी मुंबई