‘कुठंही चालेल सर’ म्हटलं आणि अडकलो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरात नोकरीच्या जाहिराती येतात त्यात "कर्नाटकात कुठंही काम करायची तयारी हवी" अशी एक ओळ हमखास असते. त्या ओळीबद्दलच लिहितोय, नाव छापू नका एवढी विनंती.

मी खानापूर तालुक्यातला. शाळा मराठी मीडियम, मग बेळगावात बी.कॉम., आणि चार महिन्यांपूर्वी एका मायक्रो फायनान्स कंपनीत, म्हणजे बायकांच्या गटांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीत, फिल्ड ऑफिसर म्हणून लागलो. इंटरव्ह्यूत साहेबांनी विचारलं पोस्टिंग कुठं चालेल, मी एका दमात म्हटलं, कुठंही चालेल सर. आमच्याकडची दहा पोरं गेली तर दहाही हेच सांगतात, दुसरं काही बोललं की नोकरी दुसऱ्याला जाते हे पोरांना माहीत आणि विचारणाऱ्या साहेबांना पण माहीत. मला तुमकूर मिळालं. घरापासून चारशे किलोमीटरच्या वर.

सात आठवडे झाले नाहीत तोवर वडलांना लकवा मारला, उजवी बाजू गेली. बहीण चंदगडला दिलेली, घरी आई एकटी, त्यात भाताची कापणी तोंडावर. आई फोनवर बाकी काही बोलत नाही, "कवा येणार रे?" एवढंच विचारते.

मग मी बदली मागितली आणि चुकीची मागितली. रात्री अकराला बसून एचआरला लांबलचक मेल लिहिला, सगळं रडगाणं त्यात. उत्तर एका ओळीचं, प्रोबेशनमध्ये ट्रान्सफर नाही. ब्रँचमधल्या एका सीनियरनं सांगितलं, अरे आधी मॅनेजरना तोंडी सांग, मेल त्यांच्या थ्रू जाऊ दे, आणि नुसती अडचण सांगू नको, कुठल्या ब्रँचला माणूस पाहिजे ते शोधून सांग. दुसरा मेल पाच ओळींचा केला. कुठली ब्रँच, का, माझ्या जागी माणूस येईपर्यंत थांबतो, सामान हलवायचा खर्च माझा, सोबत डॉक्टरांचा कागद. तेव्हा कुठं एचआरचा फोन आला. "तू आत्ताच तर जॉइन झालास की," असं म्हणाले, आणि खरं सांगू का, त्यांच्या जागी मी असतो तर मी पण तेच म्हटलं असतं.

या लाइनमध्ये माणसाला स्वतःच्या गावात सहसा ठेवत नाहीत, नात्यागोत्यात कर्ज वाटून हप्ते लपवू नयेत म्हणून. ते मला पटतं. म्हणून मी खानापूर मागितलंच नाही, बेळगावपण नाही, निपाणी मागितली. शंभरएक किलोमीटर आहे, पण रविवारी सकाळी निघून वडलांना बघून रात्री परत येता येतं.

आता गंमत ऐका. निपाणीच्या ब्रँचला जो पोरगा आहे तो तुमकूरचा. त्यालाही घरी जायचंय. निपाणीत सेंटर मीटिंगला, म्हणजे हप्ते गोळा करायच्या बैठकीला, बसलेल्या बायका सगळ्या मराठी बोलणाऱ्या, एक बाई त्याला म्हणाली "परवा या", त्याला वाटलं कन्नडमधलं "परवागिल्ला" म्हणतेय, म्हणजे काही हरकत नाही, आणि हा तिथंच हप्त्याची वाट बघत बसला. इकडं माझी वेगळी तऱ्हा, मी कन्नडमधून "या" म्हणताना आमच्या सवयीनं "बर्री" म्हटलं की तुमकूरच्या बायका तोंडाला पदर लावून हसतात, त्यांच्यात "बन्नि" म्हणतात. हसू द्या, पण वसुलीचं काम बोलण्यावर चालतं. २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारनं जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला तेव्हापासून तर एक शब्द इकडचा तिकडं झाला तरी भीती वाटते. अशा वेळी मराठी कळणारा तुमकूरला आणि मराठी न कळणारा निपाणीला, हा हिशेब कुणी मांडला असेल देव जाणे.

सरकारी मास्तरांच्यात म्युच्युअल बदली असते, आमच्यात त्याचा फॉर्मपण नाही. वकिलीतल्या एका पाहुण्यांना विचारलं, ते म्हणाले मालकानं आकसानं बदली केली तर कायद्यात बोलायला जागा आहे, पण मला बदली द्याच असा हक्क कामगाराला नाही. बरं, हक्क नसू दे. पण प्रोबेशन किती, बदली कधी मागता येते, अदलाबदल चालते का नाही, एवढं ऑफर लेटरवर सही करायच्या आधी लिहून द्यायला कंपन्यांचं काय जातं? आणि इंटरव्ह्यूला निघालेल्या पोरांनो, "कुठंही चालेल" म्हणा, मी पण म्हटलं, पण त्याच दमात "बदली कधी मिळते सर?" हे पण विचारा. मी विचारलं नाही.

माझं प्रोबेशन सहा महिन्यांचं, दोन महिने राहिलेत. निपाणीचा पोरगा आणि मी, दोघांनी मेल लिहून ठेवलेत, त्याचा कन्नडमधून आणि माझा इंग्लिशमधून. एकाच दिवशी पाठवायचं ठरलंय, सकाळी सातच्या सेंटर मीटिंगला जायच्या आधी.

आपला,
एक वाचक
ता. खानापूर, जि. बेळगाव (सध्या मुक्काम तुमकूर)